तेरा हजार किलोमीटर, दोराशिवाय

३ मार्च
लेकीचा फोन. एप्रिलअखेर बाळंतपण. आई नाही, निदान तुम्ही तरी जवळ असा, म्हणाली. मी म्हटलं, हे काय सांगणं झालं? तिकीट काढलंच समज. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय. विसाव्या मजल्यावर, खाली नुसता खड्डा, दोराला लोंबकळत चहा प्यालोय. मला कसली भीती?

४ मार्च
मोबाइलवर सहज बघितलं. आमच्या विमानतळापासून तिच्या विमानतळापर्यंत तेरा हजार किलोमीटर. सलग सोळा तास. आणि वर दोर नाही. दोनदा पाणी प्यालो. उकाडा वाढलाय.

९ मार्च
ट्रॅव्हल्सवाल्याला विचारलं, शेवटची तपासणी कधी झाली ते कार्ड विमानात कुठे लावतात? लिफ्टमध्ये आरशाशेजारी असतं. तो म्हणाला, काका, विमान माझं नाही. असल्या बेजबाबदार माणसाकडून तिकीट घेणार नाही.

११ मार्च
ताईनं त्याच्याकडूनच घेतलं. दोन. तीही येणार. थोरली बहीण, गुडघे दुखतात, आमच्या पहिल्या मजल्यावर चढताना मध्ये दोनदा बसते. आणि मलाच विचारते, घाबरलास का रे? मी हसलो. जरा मोठ्यानेच हसलो असेन, शेजारी डोकावले.

२ एप्रिल
सराव. बँकेच्या इमारतीतली लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबवली, आत खुर्ची टाकून बसलो. सोळा तासांचा बेत. दहा मिनिटांत छाती धडधडायला लागली, घंटा कधी दाबली कळलंच नाही. वॉचमननं बोर्डावरच्या मेकॅनिकच्या नंबरवर फोन लावला. तो माझ्याच खिशात वाजला. त्याला म्हटलं, तपासणी चालू आहे. घाम आला तो पंख्यामुळे. पंखा बदलणे.

१८ एप्रिल
झोप नाही. लिफ्ट बंद पडली तर जिथल्या तिथे थांबते. विमानाला तशी सोय नाही. हा भित्रेपणा नव्हे, तांत्रिक शंका आहे.

२१ एप्रिल, सकाळी
बॅग भरली. मन एकदम शांत. चहात मीठ टाकलं, तेवढं सोडून.

२१ एप्रिल, संध्याकाळी
घरी.
विमानाच्या दारापर्यंत गेलो होतो. उंबऱ्याशी बोटभर फट. त्यातून खालची जमीन दिसली आणि पाय उचलेना. मागची माणसं चला चला म्हणायला लागली. ताईला म्हटलं, तू बस, मी चष्मा घेऊन आलो. ती माझ्या नाकावरच्या चष्म्याकडे बघत राहिली, मग एकटीच आत गेली.
पुढच्या आठवड्यात जाईनच. ही विमान कंपनी मला आधीपासून पटली नव्हती.

२५ एप्रिल
नात झाली! दोघी सुखरूप. लेकीनं विचारलं, बाबा, का नाही आलात? तोंडाला येईल ते बोललो. लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, मला सोडवावी लागली. ती म्हणाली, तुम्हीच करू जाणे. पलीकडे ताई खोकली.

१९ जून
लेक बाळाला घेऊन आली, ताईबरोबर. मी विमानतळावर आणायला गेलो. लेकीचा चेहरा पांढराफटक. म्हणाली, बाबा, मला विमानाची लहानपणापासून भयंकर भीती. तुम्ही हसाल म्हणून कधी बोलले नाही. सगळी वाट डोळे मिटून, रडत आले. पण तुम्हाला कामातून सवड मिळेना, मग नात कधी बघणार?
ताई नुसती माझ्याकडे बघत होती.
मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हणालो, आण, ती बॅग इकडे दे.