पंचावन्न पौंड

१२ ऑक्टोबर

बाबांचं मनगट मोडलं! मासळीबाजाराच्या वळणावर स्कूटर घसरली. उजवंच. डॉक्टर म्हणाले, आत पट्टी बसवावी लागेल, दोन महिने रॅकेटची तार ओढायच्या मशीनला हात लावायचा नाही. बाबांनी विचारलं, "डावा चालेल?" डॉक्टर हसले. बाबा हसले नाहीत.

उद्या टेनिसपटू चुआंगताई रॅकेट्स घेऊन येणार. बुधवारपासून स्पर्धा. त्यांची जाळी आजवर बाबांखेरीज कुणी विणलेली नाही. आता मी.



१३ ऑक्टोबर

चुआंगताईंनी चार रॅकेट्स काउंटरवर ठेवल्या. "म्हातारा पडला कसा?" मी सांगितलं. "स्कूटर विकून टाक त्याची. बरं, पंचावन्न. नेहमीसारखं."

पंचावन्न पौंड. तारेच्या ताणाचा हा आकडा दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. एकोणिसाव्या वर्षी त्या पहिली मोठी स्पर्धा जिंकल्या तेव्हा टीव्हीवर म्हणाल्या होत्या — ज्या दिवशी पंचावन्नच्या खाली येईन त्या दिवशी खेळ सोडेन. आज अडतिसाव्या वर्षीही पंचावन्नच. तार जितकी घट्ट तितका चेंडू ताब्यात राहतो, पण त्याला लांब धाडायचं ते आपल्याच दंडाने. सैल तार आपणहून फेकते. म्हणून सगळे म्हणतात, तो आकडा नाही, तो चुआंगताईंचा दंड आहे.

मी शाळेत जायच्या आधी या मशीनच्या काट्यावरच आकडे शिकले. "मागितलं तेवढंच ओढायचं" हेही तिथेच. चारही झाल्या. प्रत्येक तारेला काटा दोनदा पाहिला. एक रॅकेट उसवून पुन्हा विणली. चूक नव्हती, नुसती शंका होती.

संध्याकाळी हॉस्पिटलमधून बाबांचा फोन. चुआंगताईंना ते नावानेच हाक मारतात. "मिन-हुई आली का?"

"आल्या, झाल्या, घेऊनही गेल्या!"

"घेऊनही गेल्या?" मग म्हणाले, "जेवलीस का?"

मला वाटलं होतं शाबासकी देतील.

१५ ऑक्टोबर

जिंकल्या. पण कशा! समोर वीस वर्षांची जपानी मुलगी, क्रमवारीत कुठल्या कुठे खाली. तीन सेट लागले. चुआंगताईंचा चेंडू सारखा आखूड पडत होता. मागच्या रेषेजवळ टाकायच्या त्या, आज मैदानाच्या मधोमध. शेवटी त्या पोरीनेच घाबरून चुका केल्या म्हणून वाचल्या.

सामना दुकानातल्या टीव्हीवर पाहिला. बाबा सकाळीच घरी आलेत, हात गळ्यात. को काका चहा प्यायला. ते मासळीचे गोळे विकतात, पण त्यांच्या मते तैवानचं टेनिस तेच चालवतात.

"तिचा चेंडू आता जाळी ओलांडताना परवानगी मागतो," काका म्हणाले.

आई म्हणाली, "जिंकली ना? मग?"

"वहिनी, जिंकणं वेगळं. मोठा खेळाडू कोण? ज्याला थांबायचं कळतं तो. हिला दोन वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं."

"दोन वर्षांपूर्वी तुम्हीच तिच्या मिरवणुकीत फटाके लावत होता."

"म्हणूनच म्हणतो! तेव्हाच थांबायचं."

 काका गेल्यावर बाबांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "किती ओढलीस?"

"पंचावन्न. त्यांनी सांगितलं तेवढं."

"पंचावन्न कशाला ओढलीस!"

मग जिना चढून वर गेले. मी खाली उभी.

१६ ऑक्टोबर

सगळं सांगितलं त्यांनी. तीन वर्षांपूर्वी चुआंगताईंचा खांदा दुखावला. तेव्हापासून बाबा गुपचूप उतरत आले. आधी एक पौंड, मग काही महिन्यांनी आणखी एक, त्यांना हाताला कळणार नाही इतकं. आता पन्नास. त्या पंचावन्न सांगतात, बाबा मान डोलावतात आणि पन्नास ओढतात.

मी एकदम पाच पौंडांनी वर नेलं. चुआंगताईंना वाटलं असेल, दंड एका रात्रीत म्हातारा झाला.

मी म्हटलं, "तुम्हीच शिकवलंत ना, मागितलं तेवढंच!"

"इतरांसाठी."

"म्हणजे त्यांना फसवायचं?"

बाबांनी खणातून तुटक्या तारांचा गुंता काढला. त्यांच्या रॅकेटमधल्या. "बघ. जाळीच्या नेमक्या मध्यावर, चेंडू बसायला हवा तिथेच तुटलेल्या आहेत. पंधरा वर्षांपूर्वीही तिथेच तुटायच्या. लोक चषक मोजतात, मी हे बघतो. डोळा तोच आहे तिचा, पाय तेच, फक्त दंड गेला. आणि दंड गेला म्हणून तो मूर्ख आकडा धरून ती घरी बसणार! बसू देऊ?"

 माझा राग मात्र गेला नाही. बाबांची दया दिसते मला, पण तो खेळ चुआंगताईंचा आहे. आपल्या हातात काय आहे हे त्यांना माहीत नको?

पुढच्या सामन्यासाठी नवी तार घालायला रॅकेट्स उद्या येतील. पंचावन्न ओढलं तर त्या हरतील आणि सोडतील. पन्नास ओढलं तर मी खोटी. बाबा म्हणतात, "पन्नास. आणि तोंड बंद."

१७ ऑक्टोबर

वादळाची सुट्टी. सामने उद्यावर गेले. आईने काचांवर चिकटपट्टीच्या फुल्या मारल्या. बाबा गोळी घेऊन वर झोपलेले. शटर अर्धं खाली. त्याखालून वाकून चुआंगताई आत आल्या, रेनकोट निथळत होता.

"या वाऱ्यात?" मी म्हटलं.

"घरी बसून खांद्याशी किती बोलणार?" रॅकेट्स ठेवल्या. "पंचावन्न."

मान डोलवायची होती फक्त. नाही जमलं. सांगून टाकलं सगळं, भराभर, मध्ये श्वास न घेता. बाबा चिडतील, गिऱ्हाईक जाईल, सगळं डोक्यात होतं तरी.

त्या स्टुलावर बसल्या. "तीन वर्षं?"

"हो."

"म्हणजे सोलच्या स्पर्धेचं विजेतेपदही?"

"हो, ताई."

शटर वाऱ्याने वाजत होतं. त्या आपला उजवा खांदा दाबत होत्या. "मला वाटलं, भरून आला पुन्हा. डॉक्टरला आभार म्हणून अननसाचे केक नेऊन दिले मी!" हसल्या. मग हसणं थांबलं.

मी विचारलं, "उद्यासाठी किती ओढू?"

"तुला काय शिकवलंय?"

"मागितलं तेवढंच."

"आणि मी किती मागितलं?"

"पंचावन्न."

"मग?"

शटरखालून वाकून निघून गेल्या. रेनकोटची टोपी डोक्यावर घ्यायची विसरल्या.

१८ ऑक्टोबर

पंचावन्नच ओढलं. काटा जराही हलू दिला नाही.

हरल्या. पण हे लिहायलाच हवं — पहिला सेट गेल्यावर त्यांनी मागे उभं राहणंच सोडून दिलं. चेंडू लांब जात नाही ना, मग त्या स्वतःच पुढे गेल्या. जाळीपाशी. प्रत्येक चेंडू हवेतच, हळूच, कोपऱ्यात. असं खेळताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. दुसरा सेट घेतला! तिसऱ्यात पाय थकले. प्रेक्षक उभे राहिले होते. को काका "संपली, संपली" म्हणत डोळे पुसत होते आणि म्हणत होते, मिरची गेली.

चुआंगताईंना मी सगळं सांगून टाकलं, हे बाबांना मी आधीच सांगितलं होतं. सामना संपल्यावर ते म्हणाले, "आणखी दोन वर्षं खेळली असती ती." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

१९ ऑक्टोबर

बाबा माझ्याशी बोलत नाहीत. पेजेत मीठ मीच घालते, ती पेज मात्र खातात.

२१ ऑक्टोबर

वर्तमानपत्रात आलंय, चुआंग मिन-हुई निवृत्तीच्या विचारात. फोन उचलत नाहीत म्हणे. बाबांनी ते पान घडी करून मशीनखाली ठेवलं. मशीनवर कापड घातलं.

बरोबर वागले का मी? सारखं तेच. खरं सांगितलं. पण त्या खऱ्याचं त्यांनी काय करायचं, हे मी कुठे ठरवलं होतं? नुसतं त्यांच्या मांडीवर ठेवून मोकळी झाले.

२४ ऑक्टोबर

चुआंगताई आल्या. चारही रॅकेट्स काउंटरवर. मी घाबरत म्हटलं, "पंचावन्न?"

"पन्नास." मोठ्याने. सगळ्यांसमोर.

को काकांचा कप हवेतच राहिला. "म्हणजे झालं? तुम्हीच टीव्हीवर म्हणाला होतात, ज्या दिवशी खाली येईन—"

"एकोणीस वर्षांची पोर काहीही बोलते, काका. पुढच्या महिन्यात तोक्योला खेळतेय मी. सोमवारपर्यंत होतील?"

बाबांनी डाव्या हाताने मशीनवरचं कापड ओढून काढलं.