माल मी पास केल्याशिवाय हलणार नाही

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ.

पोचले. विमानात शेजारचा माणूस सारखा माझ्याकडे बघून हसत होता. पर्स पोटाशी घट्ट धरून बसले. उतरताना कळलं, त्याच्या बॅगेचा पट्टा माझ्या पायाखाली होता. तोंडाने मागावा की मग. हसायचं कशाला?

खोली फॅक्टरीच्याच वर, तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून माल भरायचा धक्का सरळ दिसतो. मुद्दाम दिली असणार, म्हणजे मला वाटावं की इथे लपवण्यासारखं काही नाही.

निघताना धाकटा म्हणाला, ताई, तिथे तोंड जरा आवर. मी म्हटलं, तोंडासाठीच तर पाठवतोयस. त्याची बाळांच्या कपड्यांची कंपनी, कपडे शिवून घेतो या परक्या मुलखात, आणि पहिल्यांदाच एका मोठ्या दुकानवाल्याने ऑर्डर दिली आहे. रॉम्पर. वरचं खालचं एकत्र, खाली टिचबटणं. चौदा तारखेला माल जहाजावर चढायचा. भावजय म्हणत होती, तपासायला एजन्सी नेमू. उंदराला मांजर साक्ष! एजन्सीवाले फॅक्टरीत जेवतात, सही ठोकतात, निघतात. धाकट्याला बजावून आले आहे: हा माल नीट गेला की तपासणीचं काम कायमचं माझं. नाही गेला तर आण तुझ्या बायकोची एजन्सी, मी घरी बसते.

शाळा चौथीपर्यंत. पण शिवणकाम तीस वर्षं. मशीनच्या आवाजावरून सांगते टाका कुठे सुटला.

निश्चय: फॅक्टरीचा चहा घ्यायचा नाही. कुणावर विश्वास ठेवायचा नाही. आवाज चढवायचा नाही (हा धाकट्यासाठी).

४ मार्च, मंगळवार.

मॅनेजर भेटला. याचं नाव मी हसऱ्या ठेवलं आहे. दारातच हसला, जिन्यात हसला, मी दमले तर खुर्ची ओढून हसला. अति गोड तिथे मुंग्या. पाणी कुठेतरी मुरतंय.

दुभाषी म्हणून एक पोरगी दिली आहे. धाकट्यानेच फोनवर ठरवली म्हणे. आपली भाषा बोलते, पण पुस्तकातल्यासारखी. 'आपण विश्रांती घेतलीत का?' गळ्यात मेजरटेप. मी विचारलं, दुभाष्याला टेप कशाला गं? म्हणाली, सवय आहे. बरं म्हटलं. कुणाला पर्सची असते. गरीब पोर आहे, मान खाली घालून चालते. एवढ्या सगळ्या बेरकी माणसांत हीच एक भरवशाची. माणूस ओळखण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

चहा अकरा वाजता घ्यावा लागला. डोकं दुखत होतं. अर्धाच कप घेतला. अर्ध्या कपाचं मिंधेपण नसतं.

५ मार्च, बुधवार.

ओला रुमाल घेऊन लाल कापडावर घासघास घासला. रंग गेला नाही. असा कुठला लाल रंग असतो जो जात नाही? माझ्यासाठी आधीच धुऊन ठेवला असणार.

टिचबटणं ओढली. एकही निघालं नाही. नख मात्र तुटलं. मापं घेतली: गळा, छाती, मांडी, सगळं सॅम्पलबरहुकूम. इतकं बरोबर कुणाचं असतं का? माझी स्वतःची बाही कधी इतकी बरोबर आली नाही.

सुयांचं प्रकरण बरं आहे. मशीनवर सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून जमा करायचे, तेव्हा कुठे नवी सुई मिळते. शिवाय सगळा माल सुई पकडायच्या मशीनमधून जातो. पट्ट्यावर कपडा ठेवायचा, आत लोखंडाचा कण असला की मशीन बोंबलतं. मी म्हटलं, बाळाचं अंग आहे, यात हयगय झाली तर एकेकाची गाठ माझ्याशी आहे. पोरीने सांगितलं. हसऱ्या हसला. यात हसण्यासारखं काय होतं?

६ मार्च, गुरुवार.

आज आवाज चढला. इलाज नव्हता. एका कॉलरजवळ दोरा लोंबत होता, बोटभर. सगळ्या मशीन बंद करायला लावल्या आणि बायकांना उभं करून सांगितलं, डोळे काय घरी ठेवून येता? गाढवाच्या पायात सुई बांधली तरी याच्यापेक्षा बरं शिवेल.

पोरीने भाषांतर केलं. बराच वेळ बोलत होती, हातबीत जोडले तिने. मग सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. एकीने मला बसायला आपली उशी दिली.

निर्लज्जपणाची हद्द झाली. पण वचक बसला. दुपारनंतर एक दोरा लोंबताना दिसला नाही.

७ मार्च, शुक्रवार.

आता कळलं यांचा डाव. मला दाखवतात तो माल वेगळा. जहाजावर चढवताना बदलणार. फळवाला वरती चांगली फळं रचतो आणि पिशवीत खालची घालतो, तसं. म्हणून एवढं सगळं बरोबर! म्हणून हसू!

भरलेल्या खोक्यांवर चष्मेवाली बसलेली असते. पॅकिंगची मुख्य. चष्म्यावरून बघते. सुई-मशीनमधून माल निघाला की हिच्याच ताब्यात. कुंपणच शेत खातं, ही म्हण काही उगाच नाही झाली.

उपाय काढला आहे. खुणा करायच्या. मी पास केलेल्या कपड्यांना गुप्त खूण. जहाजावर चढताना खोकी उघडायची, खूण नसली की पकडलेच. स्टिकर लावला तर सोलून काढतील. पेनाने खूण केली तर डाग पडेल. दोरा बांधला तर कापतील.

विचार करून डोकं शिणलं. जेवल्यावर सुचलं.

८ मार्च, शनिवार.

पिन. बारीक सेफ्टी पिन, शिवणीच्या आतल्या बाजूला, डावीकडे. बघणाऱ्याला दिसायची नाही. पर्समध्ये पिनांची पाकिटं असतातच माझ्या, शिवणारी बाई पिनांशिवाय घराबाहेर पडत नाही. आणि सुई वेगळी, सेफ्टी पिन वेगळी. नावातच सेफ्टी आहे.

जेवणाच्या सुट्टीत चष्मेवाली डबा खायला गेली आणि मी भरलेली खोकी उघडून काम उरकलं. एकेका खोक्यात दोन-तीन. परत चिकटपट्टी लावली. कुठल्या खोक्यात किती, ते मुद्दाम लिहिलं नाही. लिहिलेलं चोर वाचतात. सगळं डोक्यात आहे.

१० मार्च, सोमवार.

आणखी पिना लावल्या. पाकिटं संपली. डोक्यातलं थोडं मागेपुढे झालं आहे, पण एकूण आहे.

धाकट्याचा फोन. म्हणाला, काय ताई, सगळं ठीक? मी म्हटलं, ठीक आहे हाच घोळ आहे. त्याने सुस्कारा टाकला. मागून भावजयीचा आवाज आला, ताईंना विचारा, खोलीत पंखा आहे ना, उकडत नाही ना. नाकाने कांदे सोलणारी बाई माझ्या पंख्याची चौकशी करते? मी उकाड्याने परत यावं, हीच इच्छा. म्हटलं, थंडगार आहे. (पंखा आहे. फिरत नाही.)

११ मार्च, मंगळवार.

पोरगी आज खोकी मोजत होती. मी म्हटलं, तू नको गं दमू, हे माझं काम. ती म्हणाली, आपल्याला मदत होईल. गुणाची आहे. संध्याकाळी फोनवर कुणाशी तरी बराच वेळ बोलत असते. लग्न ठरलं असेल.

आज हसऱ्याला शेवटचा धक्का दिला. सगळा माल, भरलेला सगळा, पुन्हा सुई-मशीनमधून काढायचा. माझ्या डोळ्यांसमोर. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, बाई, एकदा झालंय, चौदाला जहाज आहे, सगळी खोकी पुन्हा फोडायची म्हणजे दोन दिवस गेले. मी म्हटलं, खरं असेल त्याला भीती कसली? पोरगी लगेच म्हणाली, हो, हे व्हायलाच हवं. माझ्या बाजूने उभी राहिली. पोटच्या लेकीसारखी.

पिनांचं मशीनसमोर काय होईल, हा विचार मनात आला होता. पण ते सुई पकडायचं मशीन आहे. सगळे तेच म्हणतात.

१२ मार्च, बुधवार. सकाळ.

बोंबललं! तिसऱ्याच खोक्याला बोंबललं! पट्टा थांबला, लाल दिवा लागला. मी तिथूनच धाकट्याला फोन लावला. म्हटलं, पकडले रे, रंगेहाथ पकडले. तुझ्या बाळांच्या अंगात लोखंड घालत होते. तो म्हणाला, ताई, तू होतीस म्हणून. मी म्हटलं, हे तुझ्या बायकोला ऐकव.

परत बोंबललं. परत.

१२ मार्च. दुपार.

सेफ्टी पिन निघाली.

माझ्या पिनेसारखी दिसते. तशा पिना जगात पुष्कळ असतात.

प्रत्येक वेळी सेफ्टी पिनच. डावीकडे, शिवणीच्या आत.

१२ मार्च. संध्याकाळ.

हसऱ्याने तो एवढासा रॉम्पर मांडीवर पसरला, पिन तळहातावर घेतली, आणि ती उघडून टोक अंगठ्याला लावून बघितलं. हसला नाही. पहिल्यांदाच. तेव्हा मला कळलं की माणूस मुळात हसराच होता.

चष्मेवालीला समोर बोलावलं. खोकी तिच्या ताब्यात, म्हणजे जबाबदारी तिची. तिने चष्मा काढून पदरासारख्या त्या एप्रनने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. रडत होती. पोरीने माझ्या कानात सांगितलं, हिला उद्यापासून घरी पाठवणार.

मी आधी विचार केला, माझ्या पिना हिने चोरून लावल्या असतील. तसं होऊ शकतं. पर्स उघडी राहते माझी. पण पर्स तर मी झोपतानाही सोडत नाही.

मग म्हटलं, सांग त्यांना, पिना मी लावल्या. परीक्षा म्हणून. मशीन चालतं की नाही बघायला. परीक्षेत फॅक्टरी पास झाली, अभिनंदन म्हणावं.

पोरीने या वेळी फार थोडं भाषांतर केलं. तीन-चार शब्द. टाळ्या वाजल्या नाहीत. सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघत राहिल्या. उशी दिलेली पण.

१३ मार्च, गुरुवार.

सगळी खोकी फोडली. सगळे कपडे पट्ट्यावरून. कुठे किती लावल्या ते डोक्यातून पार गेलेलं. आख्खी फॅक्टरी जमिनीवर बसून शिवणी चाचपत होती. हसऱ्यापण. चष्मेवाली माझ्या शेजारी. तिने माझ्यापुढचा ढीग थोडा आपल्याकडे ओढून घेतला.

एक गोष्ट मात्र नमूद करते. सगळ्यात जास्त पिना मीच शोधल्या. त्याला नजर असावी लागते.

चहा दिला. पूर्ण कप घेतला. नाही म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.

१४ मार्च, शुक्रवार. दुपार.

माल गेला. शेवटचं खोकं ट्रकमध्ये चढताना मी धक्क्यावर उभी होते, सही करायला पेन घेऊन. हसऱ्याने कागद काढला आणि माझ्यासमोरून नेऊन पोरीपुढे धरला. तिने टेप गळ्यातून काढली, वाचलं, सही केली. शिक्कापण होता तिच्याकडे, पिशवीत.

मी धाकट्याला फोन केला. म्हटलं, ही दुभाषी पोरगी सह्या करते, हिला आवर. तो म्हणाला, ताई, रागावू नकोस. ती एजन्सीची आहे. दुकानवाल्यांची अटच होती, त्यांना तिचीच सही लागते. आपली भाषा येणारी मुद्दाम मागून घेतली. रोज संध्याकाळी मलाच फोन करायची. म्हणाली, माल उत्तम आहे, फक्त...

मी म्हटलं, फक्त काय? तो म्हणाला, जाऊ दे.

मला पहिल्या दिवसापासून संशय होता तिचा.

१४ मार्च. संध्याकाळ.

पुन्हा मीच फोन केला. म्हटलं, मग मला कशाला पाठवलंस? शोभेला? तो म्हणाला, मी नाहीच म्हणत होतो. तुझी भावजयच मागे लागली. म्हणाली, ताईंनी तीस वर्षं मान खाली घालून शिवलं, तुमचं शिक्षण त्यातून झालं, एकदा जाऊ द्या त्यांना, बघू द्या एवढी मोठी फॅक्टरी. एजन्सी आहेच सोबत, बिघडलं तर सावरेल.

मी म्हटलं, आणि तपासणीचं कायमचं काम? तो म्हणाला, ताई, पुढच्या मालालाही तीच मुलगी येईल. तू घरी ये आता. भावजय विमानतळावर येते आहे तुला घ्यायला.

१५ मार्च, शनिवार. सकाळ.

बॅग भरली.

भावजयीने मला स्वतःहून पाठवलं. आणि आता स्वतः घ्यायला येणार आहे. यात तिचा काहीतरी डाव असणारच.

कालपासून शोधते आहे. सापडत नाही.