चैतीचा नकाशा

११ जुलै ९६
इ. ४ थी. भूगोल सुरू. जगाचा नकाशा वाळवीने खाल्ला, आफ्रिका तेवढी शाबूत. विचारले, परदेश कुठून सुरू होतो? कोणी म्हणाले नागपूर, कोणी नदीपल्याड. चैती म्हणाली, "जिथी आपली गोंडी कोणाले समजत नाई, थो परदेश." मग मी? "तुमी परदेशातलेच ना गुरुजी!" वर्ग हसला, मीही. नागभीडचा माणूस, आठ वर्षे झाली इथे.

१५ जुलै
आपापला देश काढा म्हटले. नियम एकच, ज्याने काढला त्याने उभे राहून समजावून सांगायचा. चैतीचा सर्वांत चांगला. तळे, टोल्यातली घरे, मोहाची झाडे, नाल्यावर लाल रेघ. "ही सरहद. पल्याड दादालोकायचा देश. सांजेला थे या मोहाखाली बसतेत, माझा बा भात नेऊन देते." मोहाखाली पाच माणसे, बंदुकांसकट. मी पाठ थोपटली. दिशा बरोबर, खुणा बरोबर, तेवढेच पाहिले. मास्तर ना मी!

१९ जुलै
केंद्रशाळेच्या प्रदर्शनाला तीन चित्रे पाठवली, चैतीचेही. मागे नाव, गाव, वडिलांचे नाव. दरवर्षीची पद्धत.

२४ जुलै
बाजारात केंद्रप्रमुख भेटले. "तुमच्या पोरीचं चित्र सायबानं भिंतीवरून काढून नेलं. लय पसंत पडलं म्हणे." कोणते साहेब? "पोलीस ठाण्याचे." भाजी न घेताच परतलो.

२५ जुलै
चैतीच्या बापाला सांगायला गेलो. बांधीत भाताची रोवणी चाललेली. चिखलाचे हात जोडून म्हणाला, "पोरगी चांगली शिकून राह्यली ना गुरुजी?" हो म्हणालो. तसाच परतलो. सांगितले तर पळेल, पळाला तर आणखी संशय. आणि नक्षलवाल्या दादालोकांना कळले की कागद मी पाठवला, तर... भित्रा आहे मी. उद्या नक्की.

२६ जुलै
उद्या उजाडला, मी आधी हजेरी घेत बसलो. दुपारी जीप आली. तिघे वर्गात. साहेबांनी टेबलावर तोच कागद उलगडला. "चैती कोण?" आज आली नाही, म्हणणार होतो. तोवर ती उभी राहिलेली, हसत. नियमाप्रमाणे. रेघेवर बोट ठेवून सगळे सांगितले. "मोहाचं झाड दाखवशील?" "दाखवतो ना, चला."
ती पुढे, ते मागे. मी दारात नुसता उभा.
साडेचार झाले. मुले घरी गेली. तिचे दप्तर माझ्या मांडीवर आहे. बांधावरून तिचा बाप येतो आहे, मला हात करतो आहे.