शिक्षक-रविवारची साक्ष

लष्कर मोहल्ला, म्हैसूर
२९ ऑगस्ट

ती. स्व. जयवंतीमावशीस देवश्रीचा प्रेमाचा सलाम.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला गोकुलमला यायला सवड नाही, म्हणून हे पत्र. एकाच गावात राहून पत्रं लिहितो आपण, पोस्टमन हसत असेल!

मावशी, मी फार दमलेय गं. चौथीचा भरगच्च वर्ग, वर रजेवरच्या बाईंची पोरं, घरी वह्यांचे ढीग. काल एका पोरीने पाणी प्यायला जाऊ का विचारलं, तर मी तिच्यावर खेकसले. ती तशीच तहानलेली बसली. घरी येऊन मी रडले. इतकी वर्षं मुलांत रमले, आता घंटा ऐकली की वर्गाकडे पाय वळत नाहीत. नोकरी सोडावीशी वाटते. चर्चच्या पाळकांना सांगून माझा रविवारचा मुलांचा वर्ग तेवढा दुसऱ्या कुणाला देशील? तुझा शब्द ते मोडत नाहीत. एक दिवस निजायला मिळालं तरी पुरे, कानडीत म्हणतात तसं ‘साकु’.

तुझी लाडकी की भांडखोर, तूच ठरव,
देवश्री

गोकुलम
७ सप्टेंबर

चि. देवश्रीस मावशीचे पुष्कळ आशीर्वाद.

आज चर्चमध्ये झालं ते माझ्यामुळे. तू विश्रांती मागितलीस आणि मी, जन्माची हेडबाई, शिक्षक-रविवारच्या साक्षीला तुझंच नाव देऊन आले! चारचौघांत प्रभूचे उपकार सांगितले की बळ येतं, असं वाटलं मला.

तू काय बोललीस ते मला ऐकू आलं नाही, पण रडताना दिसलीस. पाळकांनी हात उंचावले, सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले. मीही मिटले. आमेन म्हणून उघडले तर तू निघून गेली होतीस. अगं, तुला बसायला खुर्चीसुद्धा कुणी दिली नाही!

रानात थकून मरण मागणाऱ्या संदेष्ट्याची गोष्ट मी जन्मभर शिकवली. देवदूताने त्याला आधी भाकर दिली, निजू दिलं, कामाचं नंतर सांगितलं. मला मेलीला ती कळलीच नाही.

तुझा रविवारचा वर्ग आता माझा. मला ऐकू येत नाही, पोरं धुडगूस घालतील, घालू देत. शनिवारी डबा घेऊन येते. तू बोलू नकोस, नुसती नीज. नोकरीचं मात्र घाईने ठरवू नकोस गं.

माझ्यावर रागाव, पण लोभ तोडू नकोस,
मावशी

लष्कर मोहल्ला
२० सप्टेंबर

ती. स्व. मावशीस सलाम.

त्या शनिवारी तू रस्सा-आंबोळ्या वाढल्यास, वह्या ओढून तपासायला बसलीस. मी दुपारभर निजले. उठले तर तू माझी भांडी घासत होतीस. तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. राजीनामा मी सोमवारीच दिला होता, आणि तुझं पत्र आलं गुरुवारी.

वाईट याचंच वाटतं की त्या झोपेनंतर मला पुन्हा वर्गात जावंसं वाटलं. शाळेत विचारूनही पाहिलं. माझ्या जागी सहाना नावाची मुलगी घेतली म्हणाले, आपल्याच चर्चची.

काल माझा शेवटचा दिवस. त्या पोरीला मीच पाणी प्यायला पाठवलं. ती जाताना दोनदा मागे वळून बघत होती, मी रागावले तर नाही ना म्हणून.

सहाना वर्ग बघून हरखली होती. सुरुवातीला मीही अशीच होते. तू सांभाळतेस तो रविवारचा वर्गही घेशील का, असं पाळकांनी तिला विचारलंय. ती गोकुलमलाच राहते, तुझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर. मावशी, तिच्यासाठी प्रार्थना कर. पण आधी डबा घेऊन जा.

तुझ्याच मायेतली,
देवश्री