जुना तास

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

तिलाहुनने माझा कोडचा तुकडा परत पाठवला. चौथ्यांदा! "आई, तुमच्या कामात खोट नाही. पण हे लायब्ररीत नको." मुलगी पसंत, पण लग्न नको — त्यातली गत.

तो अदिस अबाबात बसतो. 'सफ्फ' ही आमची संगणकातली लायब्ररी, आकड्यांच्या रांगा मोजणारी; तिच्यातला तारीख-वेळेचा कोपरा त्याच्या ताब्यात. माझ्याहून तीस वर्षांनी लहान, कधी समोरासमोर भेट नाही, पण पहिल्या पत्रापासून आई म्हणतो. धड चिडताही येत नाही.

भांडण एवढंसंच आहे. सफ्फ वेळ कशी साठवते? १९७० च्या एक जानेवारीपासून किती सेकंद झाले, तो आकडा. नुसता. त्याला ना गाव, ना घड्याळ. लाखभर आकड्यांची रांग एका दमात मोजायची तर तेच सोयीचं, मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच, की बाहेर माणसांत येताना तरी त्याने त्या गावच्या घड्याळाचे कपडे घालून यावं. माणसाने का दरवेळी बोटांवर तास मिळवायचा? तिलाहुन म्हणतो, उघडाच बरा.

दोन वर्षं या तुकड्यावर घालवलीत. नवी आवृत्ती मे महिन्यात. त्यात गेलं तर गेलं, नाहीतर राहिलंच.

१४ फेब्रुवारी, बुधवार

बूसलहाम सकाळी येऊन मोरीत सार्डिन ओतून गेला. माझा धाकटा भाऊ, पण हाक मारतो ती साऱ्या लाराशला ऐकू जाईल अशी. "लल्ला! कागद झाला का?"

झाला होता. पंधरा दिवसांच्या भरत्यांचा. बंदराच्या कचेरीत एकोणतीस वर्षं मी भरतीच्या काठीवरचे आकडे वहीत उतरवले. त्या वह्यांवरून हा कागद निघतो, सफ्फच्या मदतीने. छापील तक्ते असतात, पण ते मोठ्या बंदरांचे. आमच्या नदीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे, तो त्यांना कुठे माहीत! पूर्ण भरती आणि त्यानंतरचा तासभर — तेवढ्यात होडी आत घ्यायची. पुढे नदी बाहेर ढकलते, समुद्र आत ढकलतो, आणि मधे सापडेल त्याचं देवच जाणे.

"हे तुझं यंत्र उद्या चहापण करेल," म्हणाला.

"आधी तू करायला शिक. बायको सुटेल, रहीमो बिचारी."

दातांच्या दवाखान्यात चारला बोलावलंय. विचारलं, "जुने चार की नवे?" पोरगी हसली. "नवे, लल्ला तामो. सरकारी." सरकारने तास कायमचा पुढे केला त्याला पाच वर्षं होऊन गेली, तरी गावात हा प्रश्न विचारल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. आणि वर रमजानात तोच तास महिनाभर मागे! बूसलहामला विचारायची गरज नाही. त्याच्या होडीवरचं घड्याळ तेव्हापासून हललेलं नाही. "समुद्राला सरकारी कागद आला नाही," म्हणतो.

२० फेब्रुवारी, मंगळवार

३१ जानेवारीत एक महिना मिळवला तर कोणती तारीख येते? सफ्फवरच्या आठ जणांचं सकाळपासून भांडण. शेवटी ठरलं, लायब्ररीने सरळ नाही म्हणायचं. नाही म्हणता येणं हीपण अक्कलच.

२ मार्च, शनिवार

तिलाहुनचं लांबलचक पत्र. त्याच्या गावाकडे दिवस उजाडतो तेव्हा बारा वाजलेले असतात. फोनवर सात वाजतात तेव्हा बसवाला "एक वाजला" म्हणून ओरडतो. "आई, तुमची लायब्ररी माझ्या आजीच्या गावात कोणाचे कपडे घालून येणार? फोनचे की बसवाल्याचे?"

मी लिहिलं, फोनचे.

"मग आजीची बस चुकली."

"तुझी आजी सफ्फ वापरते का रे?"

यावर हसणारं तोंड पाठवलं. आणि — शेवटी! — तडजोड. माझा तुकडा चाचणीच्या शाखेत घेतो म्हणाला. मागेल त्यालाच मिळेल, एरवी बंद. "तुम्ही स्वतः वापरा. रमजानाच्या आधी, रमजानात, रमजाननंतर. मग बोलू."

काटेकोर पोरगा. याच्या आईने याला दुधाऐवजी फुटपट्टी दिली असणार.

१० मार्च, रविवार

तास मागे आला. उठले ती थेट यंत्रापाशी. कालच्या आणि आजच्या सेकंदांची रांग करून तिला गावचं घड्याळ मागितलं. कालचे सेकंद नव्या तासात, आजचे जुन्यात, आणि मधला सांधा अचूक! दोन वर्षं जिथे ठेच लागत होती तिथून यंत्र चालत गेलं, मांजर भिंतीवरून जातं तसं.

रमजानाचा भरतीचा कागद आता नव्या पद्धतीने काढला. दोन प्रती — एक बूसलहामला, एक माझ्या भिंतीवर.

१९ मार्च, मंगळवार

आठवा रोजा. संध्याकाळी बूसलहाम आणि रहीमो रोजा सोडायला, हरीरा सूप प्यायला आले. मी मुद्दाम विचारलं, कागद कसा चाललाय?

"जसा नेहमी चालतो तसा. मिनिटाला मिनिट."

"यावेळी नवं यंत्र आहे."

"मला काय, जुनं काय नि नवं काय. तू आहेस ना बसलेली?" आणि खजूर तोंडात टाकला.

तिलाहुनला कळवलं — गावातल्या तांडेलाकडून तपासून घेतलं, मिनिटाला मिनिट. त्याचं उत्तर एका ओळीचं. "छान. रमजाननंतर पुन्हा विचारा." उंटावरून शेळ्या हाकतोय! येऊन एक दिवस दांड्यावर उभा राहा म्हणावं.

३१ मार्च, रविवार

आज रिकाम्या दिवसांचं काम केलं. एका हिवाळ्यात पुराने भरतीची काठीच वाहून नेली होती. माझ्या वहीत अकरा दिवस नुसत्या रेघा. सफ्फमध्ये अशा जागी 'वेळ नाही' अशी खूण ठेवलीय. आणि नियम असा, की दोन 'वेळ नाही' एकमेकींच्या बरोबरीच्या धरायच्या नाहीत. आधी मला ते खुळचटपणाचं वाटलं. पण खरंच — जे मला माहीत नाही आणि जे तुला माहीत नाही, ते एकच आहे हे कशावरून?

१० एप्रिल, बुधवार

ईद. पाहुणे. पाय सुजले.

१४ एप्रिल, रविवार

तास पुढे गेला. यंत्र उघडलं, आणि पुढचा सगळा कागद आपोआप एक तास पुढे! मी बोटसुद्धा लावलं नाही. एकटीच स्वयंपाकघरात टाळी वाजवली. वय सहासष्ट!

१५ ते ३० चा कागद रहीमोच्या हाती दिला. तिलाहुनला लिहिलं — तिन्ही परीक्षा पास.

संध्याकाळी त्याचं उत्तर. "अभिनंदन, आई. मी हरलो. मुख्य शाखेत घेतो." हरलो नाही रे, पोरा. पण वाचून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१८ एप्रिल, गुरुवार

भांगाचे दिवस, लहान भरत्यांचे. पाणी चढतंय की उतरतंय तेच कळत नाही. दातांच्या पोरीने दुसरा दात काढायला सांगितलाय.

२१ एप्रिल, रविवार

माझा तुकडा आत गेला. बदलांच्या यादीत नाव आलं — तामो, लाराश. शाळा सातवीत सुटली होती.

२५ एप्रिल, गुरुवार

बूसलहामची होडी दांड्यावर उलटली. तिघेही जिवंत. त्याच्या जुन्या खलाशाचं, लय्याशीचं, गळपट्टीचं हाड मोडलं, त्याचा जावई नुसता भेदरलाय. होडीचे दोन तुकडे.

जास्त लिहवत नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार

भाऊ घरी आहे. खरचटलंय, बाकी काही नाही. भिंतीकडे तोंड करून निजलाय.

माणसं येऊन जातात. चहावाला अब्देनबी दारातूनच म्हणाला, "चौतीस वर्षं दांडा ओलांडतोयस, तांडेल. झालं काय?"

"डुलकी लागली," म्हणाला.

डुलकी! बाहेर पडल्यावर दोघं बोलताना ऐकलं. "डुलकी लागणाऱ्याच्या होडीवर कोण चढणार?" "म्हातारा झाला, दुसरं काय." अठ्ठावन्न वर्षांचा आहे तो.

घरी येऊन कागद बघितला. काल पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस, मोठं उधाण. भरती चारला. तो म्हणतो, शिरला पावणेपाचला. म्हणजे तासाच्या आतच! मग पाणी इतकं खवळलं कसं? डुलकी लागली असली तरी होडी वेळेतच होती.

२७ एप्रिल, शनिवार

रहीमोने होडीतल्या सापडलेल्या वस्तू पंचावर वाळत घातल्यात. त्यात घड्याळ. चार पन्नासला बंद पडलेलं.

तेवढ्यात लय्याशीचा जावई आला, मोडक्या हाडाची खबर घेऊन. सांगत होता, किनाऱ्यावरून पहिला फोन गेला तो सहाला पाच कमी असताना. "पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती होडी उलटून, मावशी."

चार पन्नास. सहाला पाच कमी.

मी तशीच उठून घरी आले. वही काढली, हाताने गणित केलं, जसं कचेरीत करायचे तसं. गुरुवारची भरती — तीन. जुने तीन. कागदावर माझ्या यंत्राने चार लिहिले, नवे चार, सरकारी चार. होडीवरचं घड्याळ जुनं. भावाने पावणेपाचला दांडा धरला तेव्हा भरती उलटून पावणेदोन तास झाले होते.

रमजानात दोन्ही घड्याळं एकच बोलत होती, म्हणून कागद मिनिटाला मिनिट. ईदनंतर भांग होतं, पाणी आळसावलेलं, तासाची चूक पोटात घालून गेलं. उधाण आलं तेव्हा घातली नाही.

आणि त्याचं घड्याळ जुनं आहे हे मला माहीत नव्हतं असं थोडंच! मीच तर ते गावभर सांगून हसवत आले. कागदावर 'नवा तास' एवढे दोन शब्द लिहायचे होते. चौतीस वर्षांत कधी लिहावे लागले नाहीत; कागद जुन्याच तासात निघायचा.

२८ एप्रिल, रविवार

तिलाहुनला सगळं लिहिलं. काहीही झाकलं नाही. शेवटी लिहिलं, माझा तुकडा काढून टाक. आवृत्तीला दोन आठवडे आहेत, वेळ आहे.

त्याने अर्ध्या तासात काढला. "माझ्या आजीची बस" वगैरे एक शब्द नाही. फक्त विचारलं, "भाऊ जेवतो का?"

२९ एप्रिल, सोमवार

माहितीपत्रकासाठी दोन ओळी लिहून पाठवल्या. 'ही लायब्ररी क्षण मोजते. तुमच्या गावात किती वाजले हे तिला ठाऊक नाही. ते तिथल्या माणसांना विचारा, आणि कोणत्या घड्याळाने, तेही.' तिलाहुनने जशाच्या तशा घेतल्या.

हजार ओळी खोडून दोन लिहिल्या. चांगलं काम झालं असं वाटलं. मग वाटलं, लाज नाही वाटत तुला? घर सोडून चुलीला सारवतेस! तिकडे भावाला बंदरावर कोणी सलाम करत नाही.

१ मे, बुधवार

गेले होते सांगायला. रहीमोने मसूर वाढली. जेवून आले.

२ मे, गुरुवार

अब्देनबी सांगत होता, बूसलहाम दुसऱ्याच्या होडीवर खलाशी म्हणून विचारायला गेला. तांडेल म्हणून नाही. खलाशी! त्यांनी विचार करून सांगतो म्हटलं.

उद्या सांगायचं. आधी त्याला, मग चहाच्या टपरीवर उभं राहून सगळ्यांना.

३ मे, शुक्रवार

सांगितलं. कुसकुसाच्या परातीवरच, रहीमोसमोर. जुना तास, नवा तास, माझं यंत्र, सगळं. तुला डुलकी लागली नव्हती, चूक माझी होती.

तो गाजर फोडत राहिला. मग म्हणाला, "तास कुठला ते मला काय माहीत, लल्ला. पण पाणी उतरलेलं दिसत होतं मला. लय्याशीपण ओरडला, थांब म्हणून. मी म्हटलं, कागद तिचा आहे."