एका नावाखाली दोन मोजण्या

सिंदी मेघे, शुक्रवार संध्याकाळ, मार्च २००४

ऑफिससमोरच्या खड्ड्यावरची फळी ओलांडून घरी आलो, पण डोकं शांत होत नाही.

हिंगणघाट शाखेचे कॉम्प्युटर आमच्या ऑफिसशी जोडणारी लाईन आठवडाभर रडते आहे. तिथले सुधाकरभाऊ रोज फोनवर तेच: "माह्या मशीनवर एरर वाढूनच राह्यले. तुह्याकडची केबल पाह्यजो." माझ्या मशीनवर एरर शून्य. तरी घाबरून मी काल रस्ता खोदायला लावला. केबल निघाली ठणठणीत!

आज शेवटी विचारलं, "भाऊ, तुमचं मशीन एरर म्हणतं तरी कशाला?" त्यांनी माहितीपुस्तिका वाचून दाखवली. डेटाचे जे तुकडे धडधाकट पोचतात, पण मशीनमध्ये जागा नाही म्हणून फेकले जातात, तेही त्यांचं मशीन एररमध्येच धरतं. माझं दुसऱ्या कंपनीचं, ते असे तुकडे एररमध्ये न धरता वेगळे मोजतं. म्हणजे वायर चांगली, त्यांचं मशीनच कमी पडत होतं. मग आठवडाभर भांडलो कशावर? दोन्ही टोकांना एका नावाखाली एकच गोष्ट मोजायची, एवढं आधी ठरवायला काय जात होतं?

"मंग आता ठरवू ना," भाऊ म्हणाले. त्यांना सोपं आहे. त्यांच्या दारात खड्डा नाही.

फळी टाकली ती पानठेल्याच्या कमलबाईंनी, गिऱ्हाइकं यावीत म्हणून. निघताना त्यांनी अडवलंच.

"एवढं खोदलं, काय भेटलं जी?"

"काही नाही बाई. वायर चांगलीच आहे."

"मंग हे बुजवन कोन?"