देखाव्यातली छत्री

मंगळवार, २३ नोव्हेंबर १९७१, कोल्हार

नगरच्या स्टुडिओतून रोल धुऊन आणला. बारा फोटो. प्रवरेचा घाट, पूल, उसाचे तुरे, नगरचा किल्ला. बाराही देखाव्यांचे, बापाचा एकही नाही. उद्या दादांचा दहावा. हार घालायला फोटो हवा, आणि फोटो काढणारा घरातच!

रडू येत नाही.

त्या दिवशी घाटावर ऊन फार होतं. कॅमेऱ्याच्या काचेत मला नीट दिसावं म्हणून दादा मागे उभं राहून माझ्या डोक्यावर छत्री धरत होते. मधेच पुढे येऊन म्हणाले, "माझाबी एक काढ की."

"बाजूला व्हा दादा, नदी झाकली जातेय," मी म्हणालो. रोल संपत आला होता. एक फोटो दिला असता तर काय बिघडलं असतं? ते मागे गेले आणि पुन्हा छत्री धरली.

संध्याकाळी आईने सगळे फोटो दोनदा पाहिले. "ह्यात ह्ये कुठं हायेत?"

घाटाच्या फोटोत खाली, पायऱ्यांवर छत्रीची सावली पडली आहे. मी तिच्यावर बोट ठेवलं. आईने पदराने ती जागा पुसली, धूळ बसल्यासारखी. मग म्हणाली, "उद्या ह्योच ठिव."